किंमत कोण मोजतं? : चित्रपट्ट्यांवरच्या आक्षेपांच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

९ मार्च २०२५

मे महिन्यात भांडण नको म्हणून काय करायचंय ते आजच लिहून ठेवते. वाचनकट्ट्याचं यंदाचं उन्हाळी काम: वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या चित्रपट्ट्यांबद्दल (कॉमिक स्ट्रिप्स) आणि त्यांतल्या पात्रांबद्दल वाचकांचे आक्षेप गोळा करायचे, त्यांतले दम असलेले निवडायचे, शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर लावायचे आणि सोबत एक पातळ पुस्तिका काढायची. कौतुक नको. 'आमच्या लहानपणी काय मजा यायची' हे तर नकोच; ते कुणीही उभ्या उभ्या दोन पानं लिहून देतो.

साहित्य अजनीच्या काकांकडून आलं. रेल्वेतून निवृत्त. इंग्रजी-मराठी पेपरांतल्या पट्ट्या कापून बाद झालेल्या रजिस्टरांत चिकटवायचा त्यांचा जुना नाद. ऑटोतून खोकी उतरवताना म्हणाले, "पोरी, एक जरी हरवली नं, तर मी तुझ्या घरी येऊन बसीन." आत बीटल बेली, ब्लाँडी, हागार, डेनिस, पीनट्स, गारफील्ड, वेताळ, मँड्रेक आणि आपला चिंटू. कालक्रम नाही, पण प्रेम आहे.

१६ मार्च

कात्रणं लावायला घेतली. काकांनी पट्टी तेवढी कापली आहे, त्यामुळे पेपरचं नाव नाही, वरची तारीख नाही. पण भिंग धरलं की दोन चौकटींमधल्या फटीत एक बारीक ओळ सापडते: सिंडिकेटचं नाव, वर्ष, आणि कुठेतरी कोपऱ्यात दोन आकडे, आधी महिना, मग दिवस. बहुतेकांवर किंग फीचर्स सिंडिकेट. १९१५ साली सुरू झालेली ही कंपनी एकच पट्टी जगभरच्या पेपरांना विकते. चित्रकार काही आठवडे आधीच काम देऊन ठेवतो. म्हणजे वाचकानं आज तक्रार लिहिली, तरी तिचा परिणाम कागदावर दिसायला दोन-अडीच महिने सहज जातात. 'वाचकांनी ओरड केली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुधारली' अशी गोष्ट कुणी सांगितली तर तिथेच थांबवायचं.

हेही खरं की ही पट्टी नागपूरसाठी काढलेली नसते. ऑक्टोबरात भोपळे, नोव्हेंबरात टर्की, डिसेंबरात गुडघाभर बर्फ. बेसबॉलच्या विनोदांवर काकांनी रजिस्टरात एकच शेरा मारून ठेवला आहे: 'समजले नाही. तरी ठेवले.'

२३ मार्च

पहिली बैठक, धरमपेठेत काकूंच्या माडीवर. ज्यांनी रोज पट्टी वाचली आहे अशांनाच बोलावलं होतं. अपेक्षेप्रमाणे पहिला आक्षेप 'तेच तेच'. ब्लाँडीच्या नवऱ्याचं, डॅगवुडचं, भलंमोठं सँडविच, गारफील्ड बोक्याचा लझान्या आणि सोमवारचा राग, सार्जंटचा शिपाई बीटलला मार. लॉ कॉलेजचा पोट्टा म्हणाला, "इतके वर्षं एकच गोष्ट करून राहिले हे लोक. कंटाळा नाही येत का बे?"

हा आक्षेप मला कच्चा वाटतो. रोजची पट्टी पुनरावृत्तीवरच जगते. चार सेकंदांत वाचून होणाऱ्या गोष्टीला पात्राची नव्यानं ओळख करून द्यायला वेळ नसतो. आपल्या मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, एका दिवसाचा असतो. त्या वर्षी जो कुणी डोक्यात बसला असेल त्याचं सोंग, गळ्यात पाटी, दुपारपर्यंत इतवारी-महालातून शिव्या खात फिरायचं आणि मग जळायचं. तिथे दरवर्षी नवा चेहरा लागतो. पट्टीतला माणूस उद्या पुन्हा यायचाच असतो, म्हणून त्याच्यावरचा आक्षेप एका दिवसाच्या पट्टीवरून ठरवता येत नाही. निदान महिनाभराच्या पट्ट्या सलग वाचून मग बोलायचं, असा नियम आज केला. काकांना तो फार आवडला, कारण सलग महिने फक्त त्यांच्याकडेच आहेत.

चिंटूवर मात्र वेगळा सूर निघाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. त्याच्याबरोबर शाळेत असलेली माणसं आज चाळिशीत आहेत. काकू म्हणाल्या, "माझा मुलगा याच्याच एवढा होता. त्याची पोरगी आता शाळेत जाते, आणि हा अजून आईचा ओरडा खाऊन राहिला." त्यांना हसू येत होतं आणि थोडा रागही. राग कशाचा, ते त्यांना सांगता आलं नाही. टिपून ठेवलं, पुढे कामी येईल.

३० मार्च

पाडवा. काम नाही. काकांचा निरोप: हागारच्या रजिस्टरात मधली पानं चिकटली आहेत, ओढू नका.

६ एप्रिल

आजचा दिवस बीटल बेलीचा, आणि सगळ्यांत जास्त आवाजही आजच झाला.

आधी माहिती. मॉर्ट वॉकर यांची ही पट्टी सप्टेंबर १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा बीटल कॉलेजात होता. १९५१ च्या मार्चमध्ये तो सैन्यात भरती झाला आणि अजून साधा शिपाईच आहे. युद्धावर एकदाही गेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या पेपरच्या टोकियो आवृत्तीनं ती बंद केली. कारण, अधिकाऱ्यांबद्दलचा आदर कमी होतो. त्या बंदीचा गाजावाजा झाला आणि पट्टी उलट आणखी पेपरांत गेली. साहेबलोकांचा आक्षेप म्हणजे पट्टीला प्रमाणपत्रच.

दुसरा आक्षेप खालून आला, आणि त्याला सव्वीस वर्षं गेली. १९७१ मध्ये पट्टीत मिस बक्सली आली, जनरल हाफट्रॅकची सेक्रेटरी. विनोद एकच: जनरल तिच्याकडे टक लावून बघतो. बायकांची पत्रं, संपादकांच्या तक्रारी, वर्षानुवर्षं. शेवटी १९९७ मध्ये वॉकर यांनी जनरलला वागणूक सुधारण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि तो धागा बदलला.

धरमपेठेच्या काकू सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांनी महिनाभराच्या पट्ट्या चष्मा सरकवत वाचल्या आणि म्हणाल्या, "साहेब बघतो, यात मला काही नवल नाही. आमच्याकडेही होते असे. पण मला एक सांग, ही बाई टाइप केलेला एक तरी कागद पूर्ण करते का? तिच्या टेबलावर काय आहे, ते कधी दिसतं का?"

पुन्हा बघितलं. आमच्याकडच्या कात्रणांत तिच्या टेबलावर जवळजवळ कधीच काही नाही.

काका चिडले. "हसू आलं का नाही, तेवढं सांगा. विनोदाची अशी चौकशी केली तर उद्या शिपायाच्या पगाराचाही हिशेब मागाल."

"पहिल्या दिवशी आलं हसू," काकू म्हणाल्या. "विसाव्या दिवशी माझी बस आठवली."

मग लॉवाल्या पोट्ट्यानं मुद्दा नीट मांडला, आणि प्रकल्पाची कसोटी तिथून निघाली. सार्जंट बीटलला मारून त्याची पार घडी करून टाकतो, तरी कुणाचा आक्षेप नाही. का? कारण दुसऱ्या दिवशी बीटल कामचुकारपणा करून त्याचा वचपा काढतो. किंमत मोजतो आणि वसूलही करतो. बक्सली फक्त मोजते. तेव्हा पात्र जुनं झालं का, बदललं का, हा प्रश्न मागे ठेवायचा. विनोदाची किंमत कोण मोजतं, आणि त्याला उलट बोलायला एखादी चौकट मिळते का, हे आधी विचारायचं.

काकांना हे मान्य नाही. नोंद घ्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं. घेतली.

१३ एप्रिल

उद्या जयंती. दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवर निळे झेंडे लागले आहेत. इंदोऱ्याची आमची मैत्रीण रॅलीच्या कामातून तासभर वेळ काढून आली, आणि पीनट्समधल्या फ्रँकलिनवरच्या आक्षेपाचं कार्ड तिनंच मागून घेतलं.

हकिकत अशी. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॅरिएट ग्लिकमन या लॉस एंजेलिसच्या शिक्षिकेनं पीनट्सच्या चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिलं: तुमच्या मुलांच्या टोळीत एखादं काळं मूल का नाही? शुल्झ यांचं उत्तर सरळ होतं. इच्छा आहे, पण आम्ही त्यांच्यावर उपकार करतोय असं तर वाटणार नाही ना, ही भीती आहे. ग्लिकमन यांनी ते तिथेच सोडलं नाही. आपल्या काळ्या मित्रांना त्यांनी याविषयी लिहायला लावलं. ३१ जुलै १९६८ च्या पट्टीत फ्रँकलिन समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू परत आणून देतो. दोघं मिळून वाळूचा किल्ला बांधायला लागतात. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात बसलेला दिसला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका संपादकानं हरकत घेतल्याचं शुल्झ यांनी स्वतः सांगितलं आहे. त्यांनी ती मनावर घेतली नाही.

वाचकाच्या आक्षेपानं पट्टी बदलल्याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही. आमच्या मैत्रिणीला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं.

"तो आला, हे चांगलंच झालं. पण त्याचा दोष काय ते सांगा मला. चार्ली ब्राऊन रडका, लूसी भांडकुदळ, लायनस चादरीशिवाय हलत नाही. याचं काय? हा शहाणा, नम्र, अभ्यासू. यांनी त्याला चुकायची परवानगीच नाही दिली."

आमची नवी कसोटी इथे अपुरी पडते. फ्रँकलिन कुठल्याही विनोदाची किंमत मोजत नाही, कारण त्याच्यावर विनोद करायला चित्रकार धजतच नाही. हा आक्षेप तिकडच्या वाचकांनीही घेतला आहे, शिवाय १९७३ च्या थँक्सगिव्हिंगच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातलं ते जेवण: टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटा, समोर बाकी मंडळी. त्या चित्रावर लोक अजून बोलतात.

मग तिनं मराठीकडे मोर्चा वळवला. "मी लहानपणापासून पेपरात ज्या पट्ट्या वाचल्या, त्यातलं घर कसं असते? बाल्कनी, सोफा, ऑफिसला जाणारे बाबा. आमच्या वस्तीतलं घर मी कधी पाह्यलं नाही. विहाराच्या पटांगणात क्रिकेट खेळणारे पोट्टे नाही, भीमगीतं लावणारा शेजारी नाही. वाईट दाखवलं असतं तर भांडता आलं असतं. दाखवलंच नाही, तर भांडू कोणाशी?"

कुणी लगेच काही बोललं नाही. काकांनी चिंटूची दोन रजिस्टरं काढून तपासायला घेतली, आणि त्या कामात ते बराच वेळ गढले.

'गैरहजर' असा एक स्वतंत्र फलक करायचा, हे आज नक्की झालं. त्यावर कात्रण लावता येणार नाही, हे उघडच आहे. तिचे शब्द मोठ्या अक्षरांत लावू.

२७ एप्रिल

पारा चव्वेचाळीसच्या पुढे. कूलर लावला की खोलीत ओल धरते आणि पेपरचा कागद कडेनं वळतो. बंद केला की आम्ही वळतो. वर्तमानपत्राचा कागद मुळातच हलका, लाकडातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं, म्हणून उजेड-हवेनं तो पिवळा पडून ठिसूळ होतो. सेलोटेपनं चिकटवलेल्या पट्ट्यांची तर वाटच लागली आहे. डिंकाच्या बऱ्या आहेत. ठरलं: सकाळी सात ते दहा, कूलर बंद, पडदे ओढलेले, पारदर्शक पाकिटांशिवाय काहीही हाताळायचं नाही.

४ मे

फुटबॉल. लूसी चेंडू धरते, चार्ली ब्राऊन धावत येतो, ती ऐन वेळी चेंडू काढून घेते, तो पाठीवर आपटतो. पहिल्यांदा, १९५१ मध्ये, चेंडू व्हायोलेटनं धरला होता. १९५२ पासून तो मान लूसीकडे गेला आणि बहुतेक दर शरद ऋतूत हा प्रकार जवळपास अर्धशतक चालला. १९९९ च्या शेवटच्या खेपेला लूसीला घरात बोलावणं येतं, चेंडू धाकट्या भावाकडे, रीरनकडे, देऊन ती जाते, आणि पुढे काय झालं ते रीरन तिला सांगत नाही.

काकूंची नात, सहावीतली: "एकदा तरी मारू द्यायचा होता नं त्याला. आणि लूसीला शिक्षा काहून नाही?"

कसोटी लावली तर चार्ली ब्राऊन किंमत मोजतो आणि वसूल काहीच करत नाही. तरी हा विनोद मला बक्सलीच्या पंक्तीत बसवावासा वाटत नाही. तो धावायचं की नाही हे दरवर्षी स्वतः ठरवतो, आणि ते ठरवताना बोलतो. निम्म्या चौकटी त्याच्या युक्तिवादाच्या असतात. आपटल्यावरही शेवटची ओळ कधी कधी त्याची असते. बक्सलीला कुणी विचारलेलं नसतं. निवृत्त होताना शुल्झ यांनाही त्या पोराला चेंडू कधीच मारता आला नाही याचं वाईट वाटलं होतं, तसं त्यांनी मुलाखतीत बोलून दाखवलं. सहावीतल्या मुलीचा आक्षेप आणि चित्रकाराची हळहळ एकाच फलकावर.

ब्लाँडी पटकन उरकली. १९३० पासूनची पट्टी. १९३३ मध्ये लग्न. १९९१ मध्ये ब्लाँडीनं केटरिंगचा धंदा सुरू केला. काकूंचं मत: "साठ वर्षं स्वयंपाक करून मग त्याचे पैसे घ्यायचं सुचलं. ठीक आहे, सुचलं तरी."

११ मे

वय न वाढण्याचा प्रश्न. काकूंचा चिंटूवरचा तो नाव नसलेला राग आज उलगडला, तोही दुसऱ्याच पट्टीमुळे.

लिन जॉन्स्टन या कॅनडाच्या चित्रकर्तीची 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' ही पट्टी १९७९ पासून. पॅटरसन कुटुंबातली मुलं वाचकांबरोबर मोठी होत गेली. १९९५ मध्ये घरचा कुत्रा फार्ली, ओढ्यात पडलेल्या छोट्या एप्रिलला वाचवतो आणि स्वतः जातो. वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, कितीकांनी रागानं लिहिलं. त्याआधी १९९३ मध्ये लॉरेन्स हा मुलगा आपण समलिंगी असल्याचं सांगतो, तेव्हा काही पेपरांनी पट्टीच काढून टाकली. मोठं होऊ दिलं तर हे असं. पात्र म्हातारं होऊन मरतं आणि वाचक चित्रकाराला जाब विचारतो.

आमच्यात कुणीच ही पट्टी रोज वाचलेली नाही, त्यामुळे तिच्यावर फलक नाही. पण गोष्ट ऐकून काकू म्हणाल्या, "मग चिंटू लहानच राहू दे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या आईचं वय तरी कुठेतरी दिसावं. पोरगा लहान राहिला म्हणून तिलाही तीस वर्षं त्याच्या मागे धावायला लावलं." काकांनी हा आक्षेप बिनविरोध मंजूर केला. प्रकल्पात पहिल्यांदाच.

१८ मे

वेताळ आणि मँड्रेक. दोन्ही ली फॉक यांचे. जादूगार मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. आपल्याकडे मोठ्या पिढीला ते पेपरपेक्षा इंद्रजाल कॉमिक्समधून जास्त भेटले; ती १९६४ ते १९९० निघाली, मराठीतही. बर्डीच्या फूटपाथवर जुने अंक अजून अधूनमधून सापडतात, भाव मात्र विचारू नये.

मँड्रेकचा आफ्रिकी सोबती लोथार हे आमच्या कसोटीचं सगळ्यांत सोपं प्रकरण. सुरुवातीला बिबट्याचं कातडं, डोक्यावर फेझ टोपी, मोडकंतोडकं इंग्रजी, आणि मँड्रेकसाठी ओझी उचलायची. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला आले, तेव्हापासून त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. रंगपट्ट्यासारखी दोन कात्रणं शेजारी लावली की भाषण करायची गरज नाही.

वेताळावर मात्र काका आणि लॉवाला यांची जुंपली. गोरा माणूस, पिढ्यान् पिढ्या, आफ्रिकेच्या जंगलात खुर्चीवर कवटी कोरून बसलेला, आणि तिथले बांदर जमातीचे लोक त्याची सेवा करतात. पोट्ट्याचं म्हणणं: "जंगल त्यांचं, न्याय याचा. त्यांच्यातला एकही पुढचा वेताळ काहून नाही?" काकांचं म्हणणं: "आम्ही त्याला गोरा म्हणून वाचलाच नाही. मुखवटा होता, घोडा होता, अन्याय झाला की येत होता. बस. १९७७ ला डायनाशी लग्न झालं तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये पेढे वाटले होते."

दोघांचंही खरं आहे असं म्हणून सुटायचा मोह होतो. पण मला पोट्ट्याचं जास्त पटतं. काकांनी तो कसा वाचला हे त्यांचं मोठेपण, त्यानं चित्रातली माणसं आपापल्या जागेवरून हलत नाहीत.

२५ मे

पुस्तिकेचा पेच. पट्ट्या छापता येणार नाहीत, हक्क सिंडिकेटचे. भिंतीवर मूळ कात्रणं लावू, पुस्तिकेत प्रत्येक पट्टी शब्दांत सांगायची. हे वाटतं त्यापेक्षा अवघड निघालं. 'जनरल तिच्याकडे बघतो' एवढं लिहिलं की विनोद मेला आणि आक्षेपही. नजर कुठल्या चौकटीत आहे, फुगा कुणाच्या डोक्यावर आहे, कोण चौकटीच्या कडेनं अर्धंच दिसतंय, हे लिहावं लागतं. गंमत म्हणजे असं लिहिताना दोन आक्षेप आपोआप गळाले; चित्रात ते नव्हतेच, आठवणीत होते. एक डेनिसवरचा, एक हागारच्या बायकोवरचा. हेल्गा नवऱ्याला प्रत्येक वेळी पुरून उरते, किंमत तोच मोजतो.

१ जून

फलकांचा क्रम ठरला: बक्सली, फुटबॉल, चिंटूची आई, लोथार, वेताळ, फ्रँकलिन, आणि त्याला लागून 'गैरहजर'. 'तेच तेच' वगळलं. 'मूळ चित्रकार गेल्यावर पट्टी चालू ठेवावी का' हा विषय पुढच्या वर्षावर ढकलला. पीनट्सची नवी पट्टी शुल्झ यांच्यानंतर कुणी काढायची नाही असं ठरलं होतं, ब्लाँडी मात्र मुलानं पुढे चालवली, एवढ्या दोन ओळी टिपून ठेवल्या आहेत.

इंदोऱ्याच्या मैत्रिणीनं 'गैरहजर'साठी आणखी चार जणींकडून लिहून आणलं. एकीचं वाक्य कुठलंही न बदलता लावतोय: 'आमच्या घरी पेपर येत होता. आम्ही त्यात येत नव्हतो.'

वेताळाच्या कार्डाखाली काकांनी पेन्सिलीनं आपला विरोध लिहून ठेवला आहे, सहीसकट. पुस्तिकेत तो तसाच छापायचा. प्रुफं गुरुवारी येतील; हागारची चिकटलेली पानं अजून सुटलेली नाहीत.